खुंटीवरची डोकी

काम तसं साधंच होतं. राजवाड्याच्या बागेत रंगवलेल्या खांबांवर लाकडाचे आठ बिबटे बसवलेले होते. ते राणीचं चिन्ह. शुक्रवारी राजाने राणीची मान उडवली आणि शनिवारी सकाळी कारभारी लॉवेट हम्फ्री डॉलच्या सुतारशाळेत हजर झाला. नव्या राणीचं चिन्ह जाळ ओकणारा चित्ता. धडं तीच राहू देत, डोकी आणि शेपट्या बदला. दहा दिवसांनी राजाच्या लग्नाची मंडळी बागेतून जाणार.

"जुनं एकही तोंड तिथं दिसलं," लॉवेट शांतपणे म्हणाला, "तर तुझं दिसणार नाही."

त्याआधीच्या, पहिल्या राणीचं चिन्ह डाळिंब; तीही हम्फ्रीने याच हातांनी तासून काढली होती. तीन वर्षांत पुन्हा तोच उद्योग. म्हणून यावेळी डोकी चिकटवायला त्याने सरस लावलाच नाही. मानेवर डोकं, सांध्यात बाहेरून चार भोकं, त्यांत ओकच्या चार खुंट्या, टोकं सपाट तासलेली.

"सरस कुठाय, दाजी?" मेव्हणा जेंकिनने विचारलं.

"कशाला? ही तरी किती दिवसांची? पुढच्या वेळी उपसलं की झालं."

जेंकिन हसला नाही. शुक्रवारी तो किल्ल्यातल्या गर्दीत उभा होता. "असं बोलू नका. डोकं पेंढ्यात पडलं तरी ओठ हलत होते... काहीतरी म्हणत होती ती."

बिबट्यांची कापलेली डोकी हम्फ्रीने जळणाला घरी नेली. सात जळाली. "आठवं नुसतं काळं पडलंय अहो," बायको मार्जरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते चुलीत नव्हतं. राखेत गेलं असेल, असं दोघांनी धरलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नदीवरून धुकं आलं होतं. ताज्या रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास बागेत साचला होता. आठव्या खांबाखाली चित्त्याचं डोकं गवतात पडलं होतं. आणि वर, धडावर, बिबट्याचं काजळलेलं डोकं बसलं होतं. सांधा कुठेच नव्हता. लाकडाची रेघ पाठीवरून थेट कानापर्यंत सलग गेली होती.

वाळूवर बुटांचा आवाज आला. दूर होता अजून. हम्फ्रीने कुऱ्हाड उचलली.

"धर."

जेंकिनने जबडा धरला. "दाजी... गरम आहे हे."

पहिला घाव लाकडावर बसल्यासारखा वाजलाच नाही. खाटकाच्या ओंडक्यावर वाजतो तसा ओला वाजला. हम्फ्रीच्या तोंडावर ऊन ऊन चिळकांडी उडाली. दुसरा घाव. तिसरा. डोकं एका पट्टीवर लोंबलं. जेंकिनने ते पिरगळून तोडलं. ओठ हलत होते. त्याने त्यांत आपली टोपी कोंबली आणि ते खंदकात भिरकावलं. हम्फ्रीने चित्ता बसवला, खुंट्या ठोकल्या, सदऱ्याने खांब पुसला.

लॉवेट आला. आठही तोंडं त्याने निरखली. शेवटच्या मानेवरून बोट फिरवलं.

"रंग ओला आहे अजून," तो म्हणाला, आणि लाल झालेलं बोट हम्फ्रीच्या बाहीला पुसून पुढे गेला.

संध्याकाळी मार्जरी त्याच्या गळपट्टीची गाठ सोडत होती. हात मध्येच थांबला.

"अहो, मानेला हे काय?"

दोऱ्याएवढी लाल रेघ गळ्याभोवती पुरी फिरली होती. दुखत नव्हती. तिने ओलं फडकं फिरवलं, तर त्याला भुसा लागला. हम्फ्रीने मागे हात नेला. रेघेखाली कातडीशी सपाट, तासून गुळगुळीत केलेलं खुंटीचं टोक. शेजारी दुसरं. बोट पुढे सरकत गेलं. चार.

त्याने हात अलगद खाली घेतला.

"मार्जरी," मान न हलवता तो हळूच म्हणाला, "घरात सरस आहे का, बघ."