टायर निवडायला लागलेला वेळ

"ओ मोटारसायकलवाले, थांबा जरा!"

हाक मारणारी मुलगी पांढऱ्या कोटात होती, जिना उतरून धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती, आणि सिग्नल लाल होता. म्हणून तो थांबला. सिग्नल हिरवा असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण प्रेमाचं श्रेय वाहतूक खात्याला कोण देतो!

"मी?"

"तुम्हीच. वर पहिल्या मजल्यावर मी लोकांचे कान तपासते. बारीकसा आवाज आला की पेशंटनं बटण दाबायचं. तेवढ्यात तुम्ही खालून जाता — घूंऽऽऽ करत — आणि पेशंट बटण दाबतो! काल एक चांगलेच बहिरे आजोबा ठणठणीत निघाले. सूनबाई रडायच्या बाकी होत्या."

तो ओशाळला. पाणीपुरवठा खात्यात तो जलवाहिन्यांचे नकाशे काढायचा. मोटारसायकल मात्र डोंगरावर आणि डांबरावर, दोन्हीकडे चालणारी. जाहिरातीत ती नदी ओलांडत होती. प्रत्यक्षात तिनं ओलांडलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे ऑफिससमोरची फुटलेली पाइपलाइन, आणि तीही त्याच्याच खात्याची. आई म्हणायची, "डोंगर राहू दे बाबा, गच्चीवरचे कपडे तेवढे आणून दे."

"आवाज इंजिनाचा नाहीये," तो म्हणाला. "टायरचा आहे. ठोकळ्याठोकळ्यांचे आहेत ना... चिखलात घट्ट पकड घेतात."

"इथे चिखल कुठाय?"

त्यानं दोन्हीकडे पाहिलं. रस्ता नुकताच झाडलेला होता.

"बदलतो," तो म्हणाला. "पण निवडायला वेळ लागतो."

तेव्हा हे खरं होतं. पुढचं चाक मोठं, मागचं लहान, आणि या मापात निव्वळ रस्त्याचे टायर मिळतात मोजकेच. त्यानं बसून अभ्यास केला. रस्त्याच्या टायरला खाचा उथळ, म्हणून जास्त रबर डांबराला टेकतं. आवाज कमी, ओल्या रस्त्यावर ब्रेकही चांगला लागतो. दोनचार दिवसांत त्याचं ठरलंसुद्धा. ते सांगायला तो सकाळी सिग्नलला थांबला. ती खाली आली. कोटाच्या खिशात हात, कपाळावर एक चुकार बट...

"झाले निवडून?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टायर बदलले की आवाज बंद. आवाज बंद झाला की ही खाली कशाला येईल?

"अजून... एक तुलना राहिलीये," तो म्हणाला.

मग तुलना रोजच राहू लागली. एके दिवशी "गाडीवर बसून आवाज कसा येतो बघू" म्हणून ती कोपऱ्यापर्यंत मागे बसली. दुसऱ्या दिवशी पुढच्या कोपऱ्यापर्यंत. दरम्यान तिनं तपासणीची वेळ थोडी पुढे ढकलली होती, म्हणजे मूळ तक्रार केव्हाच मिटली होती. हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. किंवा आलं — पण सांगणार कोण?

आणि एका शनिवारी ती म्हणाली, "आज निवडूनच टाकू. मीही येते."

"आजच?" त्यानं विचारलं.

दुकानात टायरच्या चळती छतापर्यंत गेलेल्या. टायरवाले काका स्टुलावर बसून हवा मोजायचं यंत्र पुसत होते.

"गाडी जाते कुठे?"

"डोंगर..."

"खरं सांग."

"ऑफिस."

काकांनी दोन टायर समोर ठेवले. "हा कडक रबराचा. तीन वर्षं याला काही होत नाही, फक्त ओल्या रस्त्यावर जपून. हा मऊ. डांबराला धरून चालतो, आवाज जवळजवळ नाहीच. पण वर्षात झिजतो. मागे कोणी बसतं का? कायमचं?"

एवढी चांगली संधी पुन्हा कोण देणार होतं?

"कडक द्या," तो म्हणाला. आवाज जरा चिरकला. "मागे बसणारं माणूस तीन वर्षं तरी... बसेल, असं धरून."

काकांनी पुसलेलं यंत्र पुन्हा पुसायला घेतलं.

तिनं वाकून दोन्ही टायरमध्ये नख रुतवून पाहिलं. सरळ उभी राहिली. "मऊ द्या, काका."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे एकच वर्ष. "चालेल," तो पुटपुटला, "त्यानंतर बस आहेच म्हणा."

"कसली बस?" तिनं डोळे बारीक केले. "अय्या! तुम्ही टायरच्या आयुष्यावरून माझा अंदाज बांधताय?"

"...हो."

"अहो, पाऊस पडला की तो कडक टायर घसरणार. आणि मागे असणार मी! मला काय पडायची हौस आहे?" मग आवाज खाली आला. "झिजले की येऊ परत. दोघं. दरवर्षी यावं लागलं तरी... मला चालेल."

"मऊ," तो काकांना म्हणाला.

"ऐकलं मी," काका म्हणाले. "नव्या टायरचं रबर वरून गुळगुळीत असतं, घसरतं. सुरुवातीला हळू चालव, वळणावर गाडी झोकू नकोस."

टायर बसवून दोघं निघाले. खरोखरच आवाज नव्हता. तो इतका हळू चालवत होता की, भाजीच्या पिशव्या लटकवलेला एक सायकलवाला शेजारी आला.

"मला तुम्ही आवडता," तो समोरच्या रस्त्याला म्हणाला.

"मग दुकानात का नाही सांगितलंत?"

"दुकानात तुम्ही समोर होतात."

ती हसली. मागच्या दांडीवरचा तिचा हात सुटला, क्षणभर अधांतरी राहिला, आणि त्याच्या खांद्यावर येऊन टेकला. सायकलवाल्यानं घंटी वाजवली. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि सायकलला पुढे जाऊ दिलं.