दारं चोरणारी ड्रॅगनीण

"म्हातारीला रविवारी संपवायचं बघ. लई जगली. पण मरायच्या आधी रडली पायजे, नाहीतर मजा नाही."

एचएसआर लेआउटमधल्या एका दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या इडली खाताना हे माझ्या कानावर पडलं आणि मी चमचा खाली ठेवला. शेजारच्या उंच टेबलाशी निळ्या शर्टातला एक मुलगा फोनवर बोलत होता. या कानडी शहरात मराठी कोणाला कळतंय, अशा थाटात, अगदी मोकळ्या आवाजात. चेहरा मात्र इतका सज्जन, की पोलिसांनीही त्याला आधी पाणी विचारलं असतं.

मी नागपूरची. गप्प बसणं आमच्या घरात कोणालाच जमलेलं नाही. सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही कोणाला मारून राहिले?"

त्याची कॉफी शर्टावर सांडली. "तुम्हाला... मराठी येतंय होय?"

"येते. आता सांगा."

"ड्रॅगनला ओ," तो कसाबसा म्हणाला. "खेळातल्या."

मग शर्ट पुसत पुसत त्याने सगळं सांगितलं. नाव कृष्णात, गाव निपाणी, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनचे भाग डिझाइन करायचा. दर रविवारी दुपारी राजाजीनगरला अनुषा नावाच्या मैत्रिणीकडे मंडळी जमत. कोणी योद्धा होई, कोणी जादूगार. कृष्णात गोष्ट पुढे नेई, आणि कोणाचा वार लागला, कोणाचा फसला, ते वीस बाजूंचा फासा ठरवी. राज्यं, नकाशे, देव, सगळं त्याने स्वतः रचलेलं. ड्रॅगन तेवढी एका विदेशी नियमपुस्तकातून उचललेली. ती गुहेत एकटीच सोन्यावर बसायची, गावं जाळायची आणि तिला गर्व फार होता. का, असं विचारलं तर म्हणे, पुस्तकात तसंच आहे.

खरा धक्का मला इथे बसला. शेकडो वर्षं गुहेत एकटी राहिलेली बाई, आणि तिला नुसता गर्व? त्या दिवसांत मी घर शोधत होते. एकटी मुलगी, त्यात मटण खाणारी... एकेक घरमालक तोंडावर दार लावत होता. तो सगळा राग मी त्या बिचाऱ्यावर काढला. म्हटलं, ती सोनं कशाला जमवेल? ती दारं जमवेल. गावोगावची दारं उपटून नेईल, म्हणजे तिच्या तोंडावर कोणाला दार लावताच येणार नाही.

कृष्णात हळूच म्हणाला, "रविवारी येता काय?"

मी गेले. एका रविवारचे कितीतरी रविवार झाले. तिला ड्रॅगनीण म्हणायचं ठरलं, आणि तिचं बोलणं त्याने माझ्यावर सोपवलं. पाहुण्याला जाळण्याआधी ती जेवलात का विचारते, हे माझं. तिच्या कुळात पिल्लं थंड जन्मतात आणि कोणीतरी प्रेमाने नावाने हाक मारली की मगच पोटात आग पेटते, हे त्याचं. हे सांगताना तो नकाशे आम्हाला दिसू नयेत म्हणून समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशावरून माझ्याकडे बघत होता. मी फासा घ्यायला हात पुढे केला, तर बोटं लागली... आणि दोघांनाही तो फासा काही उचलता येईना.

मी प्रेमात पडले होते. नकाशे काढणाऱ्या, कॉफी सांडणाऱ्या माणसाच्या! माझा स्वतःवर विश्वास बसेना. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि माझं काळीज उडी मारायचं. पण तो विचारायचा काय? तिला सर्दी झाली तर धूर निघेल का. तिला पाऊस आवडतो का. मी कशी आहे, हे कधी विचारलं नाही. त्याला मी आवडत होते, की ती? आणि मंडळींनी तिला मारलं की गोष्ट संपणार होती. त्यानंतर फोन करायला कारणच उरणार नव्हतं.

शेवटच्या रविवारी मी निर्धास्त होते. इतक्या लाडाने घडवलेली, तो तिला मरू देणार नाही. अनुषाने बाण सोडला, फासा गडगडला आणि बरोबर काठावरच्या आकड्यावर थांबला. आता जगवायचं की मारायचं, ते गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात होतं. कृष्णातने माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. मग मान खाली घालून म्हणाला, मेली.

बाण मारणारी अनुषासुद्धा त्याच्यावर उशी फेकून म्हणाली, "स्वल्पानू दये इल्वा निनगे?" जराही दया नाही का तुला, म्हणे! दया कसली, या माणसाला काळीजच नव्हतं. मी चपला घातल्या आणि जिना उतरले.

बाहेर भुरभुर लागली होती. मागून पावलं वाजली.

"तुमच्या हातात होतं," मी वळून न बघताच म्हणाले. "वाचवता येत होतं तिला."

"येत होतं."

"मग?"

"ती जगली असती तर तुम्ही येत राहिला असता... तिच्यासाठी." तो पावसात दोन पावलं जवळ आला. "तुम्ही माझ्यासाठी येता काय, हे मला कधी कळलंच नसतं. आता ड्रॅगनीण नाही, खेळ नाही. नुसता मी आहे. येत्या रविवारी... येता काय?"

मी थक्क होऊन वळले. ज्या प्रश्नाने माझी झोप उडवली होती, तोच घेऊन हा माणूसही फिरत होता. आणि उत्तर मिळावं म्हणून त्याने आपल्या हाताने तिला मारलं होतं. मला राग आला, रडू आलं, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त त्याच्यावर प्रेम आलं.

"एवढं विचारायला जीव घ्यावा लागते का कोणाचा?" मी म्हटलं. "रविवारपर्यंत नाही थांबत मी. उद्याच येते."

"उद्या सोमवार आहे ओ..."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि त्याचा भिजलेला हात हातात घेतला.