आतून घासलेली काच

गाडीची काच कोणी मुद्दाम अंधूक करून ठेवत असेल, असं तुम्हाला कधी वाटलं आहे का? आनंदीलाही वाटलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याने, प्रतापने, नव्या रायपुरातल्या ऑफिसला जायला जुनी गाडी घेतली होती. समोरच्या काचेवर डावीकडे तळहाताएवढी जागा ओरखड्यांनी धुरकट झालेली. त्या बाजूने कोणी आडवं आलं तर याला दिसेल का, या काळजीने आनंदीचा जीव थाऱ्यावर नसे. शेवटी एका रविवारी तीच त्याला भनपुरीला हरिदासकडे घेऊन गेली. तो काचा पॉलिश करायचा.

हरिदासने काचेवर बाहेरून नख फिरवलं. मग आत बसून फिरवलं, आणि थांबला.

"वायपरची रेघ बाहेरून रायते, ताई, कमानीसारखी. हे तं कोणी आतून घासलं आहे... मुद्दाम."

"काहून?"

"मले काय मालूम. राहू देऊ का?"

आनंदी म्हणाली, काढूनच टाका. त्याने पावडर पाण्यात कालवली आणि नमद्याच्या जाड लोकरी चकतीने घासत बसला. तापल्या काचेचा ओला, मातकट वास गाडीत भरला. दिवस कलताना काच लख्ख झाली.

कशी दिसते पाहू, म्हणून प्रतापने गाडी नव्या रायपूरच्या रस्त्याला घातली. रुंद, सरळ, रिकामा रस्ता. घासलेल्या जागेतून आनंदीला पुढे एक बाई उभी दिसली. आनंदीने मान जराशी बाजूला केली. त्या जागेशेजारच्या काचेतून रस्ता मोकळा होता. पुन्हा त्या जागेतून पाहिलं... बाई जवळ आली होती.

"थांबव," ती कशीबशी म्हणाली.

प्रतापने ब्रेक लावला. रस्त्यावर कोणीच नव्हतं. तरी दार उघडं टाकून आनंदी खाली उतरली, गाडीखाली वाकून पाहून आली. प्रताप हसला, म्हणाला, घासल्याने काचेला बाक आला असेल, चल. परतताना त्या जागेतून काहीच दिसलं नाही. तिला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रताप एकटाच ऑफिसला निघाला; आनंदी दारात उभी होती. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली, तेव्हा शेजारच्या भीमाबाई अंगण झाडत होत्या.

"प्रतापच्या बाजूले बसली ते कोण वं?" त्यांनी विचारलं. "तुह्याकडेच पाहून राहिली होती."

आनंदीने फोन लावला. त्याने उचलला नाही.