विश्वंभरानं काय नेलं

लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. कामशेतला कोंडाजीशेठच्या भाताच्या वखारीत पौषात जी मौज होती, ती आता शोधून सापडायची नाही. बाहेर गिरणीचं इंजिन ठकठकतंय, आत बाया आंबेमोहोर पाखडतायत, कोंड्याची पिवळी धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगतेय, नव्या तांदळाच्या वासानं पोटातली भूक उसळतेय आणि मधोमध पालथ्या पाटीवर बसून नंदाबाई विश्वंभराची गोष्ट वाचतेय. काय दुपारी होत्या त्या!

विश्वंभर कोण, हे त्या वखारीत कुणाला सांगावं लागत नसे, तुम्हाला सांगतो. पुण्याच्या एका छापखान्यातून महिन्याला एक पुस्तक निघायचं, त्यातला हा गुप्त पोलीस. अंगात काळा लोकरी कोट, हातात ना पिस्तूल ना काठी. गुन्हेगाराच्या कपाळाला दोन बोटं लावली की त्याच्या मनातलं सगळं त्याच्याच तोंडून वदवायचा. नंदाबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिचा भाऊ नथू लोणावळ्याच्या शेडात इंजिनावर कोळसा मारायचा, तो स्टेशनवरून पुस्तकं आणून द्यायचा.

पुढं छापखानाच बंद पडला. पण हे बायांना कोण सांगणार? भाकरी खाऊन झाली की त्यांचा धोशा सुरू, "नंदे, इसंभर काढ!" नंदाबाईनं जुनंच पुस्तक उघडलं, त्यात डोळे घातले आणि मनानं रचून खुशाल वाचायला लागली. एकीलाही पत्ता लागला नाही. उलट सगळ्यांत थोरली कस्तुराबाई म्हणाली, "आता कुटं लिवणाऱ्याचा हात बसला बग!" नंदाबाई पदरात तोंड घालून हसली.

एक गोष्ट मात्र तिनं पदरची घातली. छापलेला विश्वंभर फुकट राबायचा, ते तिला काही केल्या पटेना. म्हणून तिचा विश्वंभर हाक मारणाऱ्याची एक आठवण घेऊन जायचा. कोणती, ते तोच ठरवायचा. गोष्ट इथं आली की बायांची सुपं थांबायची. कस्तुराबाई हळूच म्हणायची, "लय वंगाळ बाई... पर खरं हाय."

अशाच एका पौषात शेठाणीची सोन्याच्या पुतळ्यांची माळ न्हाणीतून चोरीला गेली. आळ आला गंगीवर. गंगी डोंगरावरच्या वाडीतली, साल-दीड सालापूर्वी कामाला लागलेली. तान्ह्याला वखारीच्या आढ्याला झोळीत टांगायची आणि मान खाली घालून पाखडायची. मुकादम भिमाजीनं तिला न्हाणीत पाणी नेताना पाहिलं होतं म्हणे. आता न्हाणीत पाणी नाही न्यायचं तर काय चुलीत न्यायचं? पण गरिबाचं कोण ऐकतो! तिच्या सासऱ्यानं भर वखारीत येऊन बजावलं, "चोर ठरलीस तर पोरगं हितंच आमाला दे, अन् तू तुजी वाट धर."

कोंडाजीशेठ म्हणाले, "तांदूळ चावा. निकाल लागंल."

ही त्या बाजूची जुनी रीत. मूठभर कोरडे तांदूळ तोंडात घालायचे, चावायचे आणि पानावर थुंकायचे. चोराच्या तोंडाला भीतीनं पाणी सुटत नाही, त्याचे कोरडे निघतात. खरं असेल. पण भीती काय फक्त चोरालाच वाटते? गंगीचे ओठ सकाळपासून फुटले होते.

बाया ओळीनं बसल्या. भिमाजी ऐटीत मुठी वाटत चालला. नंदाबाईच्या शेजारी गंगी. तिच्या दाताखाली दाणे करकर वाजत होते, वाळूसारखे.

"मावशी..." ती पुटपुटली, "मला थुकीच न्हाई वो..."

वर झोळीत पोर कुरकुरलं. नंदाबाईनं वर पाहिलं. तोंडात तांदूळ, बोलता येईना. तिनं मनातच हाक मारली, 'विश्वंभरा, ये रे बाबा. हिचं लेकरू हिच्यापासनं तोडू नगंस. माजं काय न्यायचं ते ने.' आणि तिची तिलाच लाज वाटली. आपणच रचलेल्या माणसाला हाक मारतोय, खुळी कुठली!

इंजिनाचा आवाज थांबला.

नंदाबाईनं दाराकडं पाहिलं. पट्टा फिरत होता. चाकही फिरत होतं. आवाज तेवढा येत नव्हता... मग वास आला. पावसात भिजलेल्या लोकरीचा, जड, कुबट. पौषातल्या कडक उन्हात.

उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगत होती. एका जागी मात्र नव्हती. पुरुषभर उंचीची मोकळी जागा होती ती, आणि धूळ तिला वळसा घालून जात होती. ती जागा हलली. गंगीच्या अंगावरून सरकली आणि भिमाजीपुढं जाऊन थांबली.

भिमाजीची मान मागं गेली. कपाळाच्या कातडीवर दोन खळगे उमटले, ओल्या मातीत बोटं रुतावीत तसे. आणि जन्मात 'न्हाई'चं 'नाही' न म्हटलेला तो माणूस संथ, छापील आवाजात बोलू लागला.

"माळ मी घेतली आहे. इंजिनामागील तेलाच्या डब्यात ती लपविली आहे. ही स्त्री निर्दोष आहे."

"इसंभर..." ओळीतून कुणीतरी श्वास सोडला.

मग ती जागा नंदाबाईकडं वळली. तिनं डोळे गच्च मिटले. कपाळाला दोन गार टोकं टेकली... आणि इंजिन एकदम कानात आदळलं. गंगीचं पोर भोकाड पसरून रडत होतं.

माळ तेलाच्या डब्यातच निघाली. भिमाजीला आपण काय बोललो ते आठवेना. शेठनं त्याला त्याच पावली हाकलला. सासरा खाली मान घालून वाडीवर गेला, आणि गंगी पोराला छातीशी धरून रडली, हसली, पुन्हा रडली.

घरी जाताना नंदाबाईनं वाटेत सगळं चाचपून पाहिलं. आईचं नाव? आठवतंय. सोमाटण्याचं माहेर, परसातली चिंच? आहे. लग्नातली हळद, नवरा गेला तो दिवस, तेही जागच्या जागी. "काहीच न्हाई नेलं की! फुकट केलं बिचाऱ्यानं," ती स्वतःशी हसली, आणि फार दिवसांनी तिला गाढ झोप लागली. रोज रात्री भिजणारी उशी कोरडी राहिली, याचंही तिला नवल वाटलं नाही.

फाल्गुनात तिचा घसा बसला. बायांनी चेष्टेनं गंगीलाच पाटीवर बसवलं. "सांग गं तू, इसंभर!"

गंगी लाजली, पण सांगू लागली. तिच्या गोष्टीत एक लहान मुलगी होती, तानी नावाची. भात साठवायच्या वखारीत, कोंड्याच्या ढिगावर खेळायची. तिला ताप भरला. आई तिला खांद्यावर टाकून दवाखान्याच्या वाटेला लागली. वाटेत पोरीनं पाणी मागितलं, ओढ्यापाशी आईनं ओंजळ भरली, आणि ओंजळ तशीच राहिली...

सुपं थांबली होती. कस्तुराबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सगळ्या नंदाबाईकडं पाहत होत्या.

"गंगे," कस्तुराबाई म्हणाली, "तू तर मागनं आलीस. तुला हे कुनी सांगितलं?"

"कुनीच न्हाई. तांदूळ चावले त्या दिसापासनं माज्याजवळ हाय." गंगीनं छातीवर हात ठेवला. "संबाळ म्हनाला."

नंदाबाईनं डोळे पुसले. गोष्ट फार लागली होती तिला.

"बिचारी गं! कुनाची व्हती ती पोर?"

कस्तुराबाईनं तिचा हात घट्ट धरला, "नंदे, अगं... तानी..."

"आईला काय म्हनून हाक मारायची गं ती?" नंदाबाईनं विचारलं.

गंगीनं तोंड उघडलं. बाहेर आला तो आवाज तिचा नव्हता. बोबडा, तापानं पेंगुळलेला, तीन-चार वर्षांच्या पोरीचा.

"आये... ए आये... मला घे ना..."

वखारीतल्या जुन्या बायांनी तो ओळखला. एकजण तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली.

नंदाबाईनं तो नीट कान देऊन ऐकला. "गोड हाय गं," ती म्हणाली, आणि सूप पुढं ओढून तांदूळ पाखडायला लागली.