मर्नाच्या गाडीचा पुढचा ब्रेक

पुढचा ब्रेक आपोआप लागतो अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की मी आधी गाडीकडे बघत नाही, माणसाच्या उजव्या हाताकडे बघतो. निम्म्या लोकांना लिव्हरवर दोन बोटं टेकवून गाडी हाकायची खोड असते. पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, आणि हे मला येऊन सांगतात की गाडी ओढत नाही.

मर्ना हॉल्डेनला ती खोड नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तिला गाडी चालवायला मीच शिकवलं होतं.

कास्लो गावात सरोवराच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. मर्ना तिथून वरच्या अंगाला राहायची आणि डोंगरापलीकडे न्यू डेन्व्हरला वृद्धांच्या निवासात परिचारिका होती. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत ती मोटरसायकलनेच कामावर जायची. तिचा नवरा गार्नेट लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. पाठीला मार बसल्यापासून घरीच असायचा.

सप्टेंबरात पर्यटकांची गर्दी ओसरली आणि एका दुपारी मर्ना गाडी ढकलत आत आली. जॅकेटचं कोपर फाटलं होतं.

"ब्रेक लागला," ती म्हणाली. "मी नाही लावला."

"कुठे?"

"दोन्ही तळी मागे टाकली की दरडीखालचं ते वळण आहे ना, त्याच्या जरा अलीकडे. सपाटीला, वॉल्टर. उतार नाही, काही नाही. चाक हळूहळू जड होत गेलं आणि मग धरलंच."

यात नवल नव्हतं. लिव्हरपाशी मास्टर सिलिंडर असतो, त्यात सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते बुजलं की तापून फुगलेलं ब्रेक ऑइल परत जाऊ शकत नाही आणि ब्रेक आपला आपण आवळतो. मी पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं. छान फिरलं. लिव्हर दाबला, सोडला. चाक लगेच मोकळं. तरी मी सिलिंडर उघडला, भोकातून बारीक तार घातली, चाकापाशी पॅड आवळणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन काढून पुसले, नवं ऑइल भरलं. कचरा असा काही निघाला नाही. मर्नाला मात्र मी "झालं" म्हणून सांगितलं.

चार दिवसांत ती परत आली. तीच जागा, तसंच.

या वेळी मी ब्रेकची नळी बदलली. जुनी नळी आतून सुजते, मग ऑइल जाऊ देते पण येऊ देत नाही. नळी उभी चिरून पाहिली. आतून अगदी गुळगुळीत होती.

"एक विचारू?" मर्ना म्हणाली. ती दाराकडे बघत होती. "गाडी घराकडे वळवली की चाक आपोआप मोकळं होतं. असं होतं का कधी?"

"नाही. बिघाडाला दिशा कळत नाही."

"मग माणसाला कळते." तिने आवाज खाली आणला. "मी पलीकडे कामाला जाते ते गार्नेटला नकोय. इथेच काहीतरी बघ म्हणतो. आणि दिवसभर तो त्या शेडमध्ये असतो, माझ्या गाडीपाशी."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर त्याआधीच माझ्या मनात ते येऊन गेलं होतं. मी मास्टर सिलिंडर, कॅलिपर, सगळं नवं बसवलं, नटांवर रंगाच्या खुणा केल्या आणि गाडी माझ्याकडेच कुलपात ठेवली. सकाळी मर्ना इथूनच निघाली.

तासाभरात ती एका ट्रकवाल्याबरोबर परत आली. मनगट सुजलं होतं. गाडी ट्रकच्या मागे होती आणि माझ्या खुणा जशाच्या तशा.

दुसऱ्या दिवशी गार्नेट आला. कमरेवर हात ठेवून, वाकडा चालत.

"काय रे काबाटॉफ, मी बायकोचे ब्रेक कापतो म्हणे? अख्खं गाव माझ्याकडे बघतंय. हे तूच पसरवलंस ना?"

"मी कुणाला काही बोललो नाही."

"न बोलता बघतोस ना पण! आताही बघतोयस."

"चालवून दाखव मग."

पाठ दुखत असूनही तो बसला. न्यू डेन्व्हरला जाऊन आला आणि येताना तिथल्या बेकरीतले दालचिनीचे पाव घेऊन आला. पिशवी माझ्या टेबलावर आपटली.

"लोण्यातून सुरी जावी तशी गेली. जाताना, येताना." मग तो जवळ आला. "तीच करते, वॉल्टर. मला सोडायला कारण हवंय तिला."

मी स्वतः चालवून पाहिली. दरडीखालच्या वळणावरून सरळ पार झालो. आता मला मर्नाचा संशय यायला लागला. तिच्या सुजलेल्या मनगटाचाही आला, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

"मी चालवतो," मी तिला म्हणालो. "तू मागे बस. दोन्ही हात माझ्या पट्ट्याला. मला ते सारखे जाणवले पाहिजेत."

"मला चोर ठरवतोयस."

"कुणाला तरी ठरवावंच लागणार."

ती हसली नाही. बसली.

उन्हं चांगली वर आली होती. लार्चची झाडं पिवळी पडायला लागली होती. एक तळं गेलं, दुसरं गेलं. तिचे हात पट्ट्याला घट्ट होते. दरड दिसली आणि गाडी जड झाली. जसं पाण्यात उतरावं तशी. मी लिव्हरजवळची बोटंही मुद्दाम लांब केली. लिव्हर पूर्ण बाहेर होता. इंजिन गुरगुरत बंद पडलं आणि आम्ही उभे राहिलो.

मर्ना उतरली. "आता सांग, मी काय केलं?"

डिस्कवर थुंकलो तर चर्र झालं. मी कॅलिपरचा हवा काढायचा नट सैल केला. ब्रेक आवळलेला असेल तर इथून ऑइलची चिळकांडी उडते. एक थेंब आला आणि ओघळला. आत दाबच नव्हता. चाक मात्र तसंच आवळलेलं.

मी कॅलिपरच उतरवला. तारेने हँडलला टांगला. आता डिस्कला कशाचाही स्पर्श नव्हता, दोन्ही बाजूंनी उजेड दिसत होता. रस्त्याकडेचा ओंडका इंजिनखाली सारून मी पुढचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं.

पुढे फिरेना. उलटं फिरवलं, तर सरसर फिरलं.

बेअरिंग, मी स्वतःशी म्हणालो. बेअरिंग बसलंय. पण बेअरिंग एका बाजूला बसत नाही.

"मी हात धुऊन येते," मर्ना म्हणाली आणि मागच्या ओढ्याकडे गेली. मी चाकावर जोर लावूनच होतो. अचानक ते सुटलं आणि गरगर फिरलं; मी पुढे कोलमडलो. ती हात झटकत परत आली. चाक थांबलं. हळूहळू नाही, कुणी धरावं तसं थांबलं.

"जरा ओढ्यापाशी जा," मी म्हणालो.

"का?"

"जा तर."

चाक फिरलं.

"आता ये."

थांबलं.

तिसऱ्यांदा मला तिला सांगावं लागलं नाही. ती स्वतःच मागे गेली, पुढे आली आणि चाकाकडे बघत राहिली. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"म्हणजे गाडीत काही नाही."

"गाडीत काही नाही."

"मग मी चालत जाते."

"नको, मर्ना. परत जाऊ."

"इतके दिवस नवऱ्याशेजारी जागी पडून राहिले रे मी, भीतीने. काय आहे ते मला बघू दे."

ती निघाली. खडीवर तिचे बूट वाजत होते. दरडीच्या कोपऱ्याशी तिने एकदा वळून पाहिलं, हात केला आणि दिसेनाशी झाली.

बुटांचा आवाज आला, आला, आणि बंद झाला.

माझा हात चाकावर होता. चाक उलटं फिरायला लागलं. सावकाश, ताकदीने, माझी बोटं बाजूला सारत. जड काहीतरी मागे ओढावं तसं.

मग ते थरथरलं.

मग सैल झालं. इतकं सैल चाक मी कधी हातात धरलेलं नाही.

"मर्ना!"

ओढ्याचाही आवाज येत नव्हता.

मी उठलो. वळणाकडे काही पावलं टाकली असतील, नसतील, तेवढ्यात ती कोपऱ्यावरून आली. आरामात, रमतगमत.

"काही नाही तिथे," ती म्हणाली. "रस्ता आहे नुसता. बसव तो कॅलिपर. आता जाईल गाडी."

चाक सुटल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं.

गाडी गेली. मर्ना मागे बसून गेली, नंतर कितीतरी वेळा एकटी गेली. ब्रेक पुन्हा कधी लागला नाही. गावाने गार्नेटकडे बघणं सोडलं. माझं नाव झालं, की काबाटॉफने असलाही बिघाड काढला.

ऑक्टोबरात, सकाळचं दहिवर गोठायला लागलं त्या सुमारास गार्नेट गॅरेजच्या दारात आला. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तू वर नक्की काय केलंस?"

"ब्रेक दुरुस्त केला."

"हं."

"का? पुन्हा काही झालं?"

"नाही नाही. ती बरी आहे. भांडत नाही, नोकरीचं काढत नाही. मी म्हणेन त्याला हो म्हणते." तो हातांवर फुंकर घालत राहिला. "शेजारी झोपते ना, तेव्हा मी..." पुढे तो बोलला नाही, कारण चढावरून गाडीचा आवाज आला होता.

मर्ना आमच्यापुढे थांबली. इंजिन चालू, हेल्मेटची काच खाली ओढलेली. हिवाळ्याचे टायर कधी बसवायचे ते विचारायला आली होती. मग निवासातल्या कुठल्याशा म्हाताऱ्याची गंमत सांगत बसली. ती हसली, आम्हीही हसलो. गारठा असा होता की आमच्या दोघांच्या तोंडून वाफेचे लोट निघत होते. असल्या थंडीत गाडी थांबवली की काच आधी वर करावी लागते. नाहीतर दोन वाक्यांत ती श्वासाने धुरकट होते आणि समोरचं दिसेनासं होतं.

मर्ना बराच वेळ बोलत होती. काच बंदच होती. तिचे डोळे, तिचे दात, हनुवटीवरचा तीळ, सगळं मला काचेतून स्वच्छ दिसत होतं.