बाहीचं बटण

माझं शिल्प बघायचं नाही, चाचपायचं. म्हणून ते बंद खोक्यात ठेवलं होतं. पडदा सारून फक्त हात आत घालायचा. आत आईच्याच वस्तू : विरलेला स्वेटर, गरम पाण्याची रबरी पिशवी, भांड्यांची तारेची घासणी, जुन्या बटणांनी भरलेला मोजा. सगळं जाळीवर सुतळीने करकचून बांधलेलं. आई गेल्यावर दादाने हे सगळं कचऱ्यात फेकलं होतं. तिच्या आजारपणात एकदाही न फिरकलेल्या दादाने!

दृष्टी गेली तरी आईची सुई सुटली नाही. माणूस ओळखायची ती बोटं चाचपून. बटण लावताना मात्र चौथं भोक तिला सापडायचं नाही. तीन भोकांत टाके घालायची आणि दातांनी दोरा तोडायची.

प्रदर्शनात एक शिक्षिका म्हणाली, "पिशवी गरम ठेवता, छान कल्पना आहे."

पिशवी रिकामी होती. दिव्यांची ऊब लागली असेल, असं मी धरून चालले.

मग एका आजोबांनी हात झटकन बाहेर काढला. "आत कुणी बसलंय का हो? माझं बोट न् बोट चाचपलं!"

मी खोका उघडून दाखवला. सुतळीच्या गाठी जशाच्या तशा होत्या. त्यानंतर दालन बंद होताना मी रोज हात घालून उभी राहायचे. मला फक्त गार लोकर लागायची.

शेवटी दादा आला, तणतणत.

"आईची लक्तरं वेशीवर टांगलीस! आधी काढ ते."

"लक्तरं तू फेकलीस, मी उचलून आणली. हात घाल, मग बोल."

"मला तमाशा नकोय."

"घाल म्हणते ना!"

ती घासणी त्याला टोचावी, रक्त निघावं, असं मला मनापासून वाटत होतं. एकदा तरी त्याने 'चुकलो' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

त्याने हात घातला. मनगटाशी बाही लोंबत होती. बटण कधीचं तुटलेलं.

त्याने डोळे मिटले.

"दादा?"

त्याचा खांदा हळूच पुढे ओढला गेला.

हात बाहेर आला तेव्हा दादा पांढराफटक पडला होता. बाही मनगटाशी नीट बंद होती. पिवळट बटण. तीन भोकांत दोरा, चौथं रिकामं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आईचं हगणं-मुतणं मी काढलं, आणि आताही हिला हाच सापडला! मी त्याचं मनगट धरून बटण ओढलं. तुटेना.

दोऱ्याचं टोक माझ्या बोटाला लागलं. ते अजून ओलं होतं.