एकोणीस भुतांचा खेळ

निहारच्या खेळात आता एकोणीस भुतं होती आणि तरीही कोणालाच भीती वाटत नव्हती.

निहार भोयर नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होता. दोन मित्रांच्या मदतीने त्याने ‘बंद खाण’ नावाचा व्हिडिओ गेम तयार केला होता. खेळणाऱ्याने डोक्यावर हेल्मेट घालायचं, अंगात एक खास जाकीट चढवायचं आणि खुर्चीत बसायचं. हेल्मेटमुळे चहूबाजूंना काळोखी कोळशाची खाण दिसे. जाकिटातून गार वाऱ्याची झुळूक लागे, कधी पाठीवर कोणीतरी बोट टेकवल्यासारखं वाटे. हातात एक टॉर्च, तिचा सेल संपत आलेला. खाणीतून जिवंत बाहेर पडायचं, एवढाच खेळ.

पुढच्या आठवड्यात शहरात मोठा खेळमेळा भरणार होता. निहारने गच्चीवरच्या खोलीत कॉलेजच्या मुलांना बोलावून गेम खेळायला दिला. मुलं जांभया देत बाहेर आली.

“भारी दिसतं यार, पण भीती नाही वाटली,” एक जण म्हणाला.

“एकोणीस भुतं टाकली आहेत! अजून किती टाकू?” निहार वैतागला.

त्याची अकरा वर्षांची बहीण पालवी कूलरसमोर बसून हे ऐकत होती. तिला एक गोष्ट कळत नव्हती. दिवाळीत तिने हाच गेम खेळला होता. तेव्हा त्यात एकच भूत होतं आणि ते पालवीला दिसलंसुद्धा नव्हतं. तरी ती अशी किंचाळली होती, की खालच्या मजल्यावरचे काका धावत वर आले होते. तेव्हापासून सोसायटीतली मुलं तिला ‘भित्री भागूबाई’ म्हणायची. निहारदादाही म्हणायचा.

एका न दिसलेल्या भुताला ती घाबरली आणि एकोणीस भुतांना कोणीच घाबरलं नाही. हे कसं काय?

हा प्रश्न घेऊन ती मावशीआजीकडे गेली. मावशीआजी म्हणजे आईची मावशी, डॉ. वत्सला झाडे. मेंदू कसा चालतो याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या तळमजल्यावर छोटी प्रयोगशाळा थाटली होती. तिथे फिरकी नावाची यंत्रमानव त्यांची मदतनीस होती. कमरेएवढी उंच, जिनेही चढू शकणाऱ्या तीन चाकांची आणि दोन लांब हातांची.

“मावशीआजी, मी भित्री आहे का?” पालवीने आल्या आल्या विचारलं.

“विचारून कसं कळेल?” आजी म्हणाल्या. “मोजून बघू. निहारला त्याचं सामान घेऊन इकडे बोलाव.”

संध्याकाळी सगळा संसार प्रयोगशाळेत मांडला गेला. पहिली पाळी फिरकीची होती. तिच्या डोक्यावर हेल्मेट काही बसेना, म्हणून निहारने तिला तारेने गेमला जोडलं. थोड्याच वेळात ती खाणीतून बाहेर आली.

“भीती वाटली का गं?” पालवीने विचारलं.

“नाही,” फिरकी म्हणाली. “एकोणीस आकृत्या मोजल्या. त्यातल्या चार अगदी सारख्याच चालतात.”

निहारचा चेहरा उतरला. ती चार भुतं त्याने एकमेकांवरून उतरवली होती.

“फिरकीला का भीती वाटत नाही, सांग बरं?” आजींनी विचारलं.

“कारण ती यंत्र आहे.”

“हे अर्धं उत्तर झालं. फिरकीला गमावण्यासारखं काही नाही. तिचं चाक मोडलं तर दुसरं बसवता येतं. तुला मात्र जीव आहे आणि तो जपायचं काम तुझा मेंदू सतत करत असतो. भीती हे त्या कामाचं हत्यार आहे.”

आता पालवीची पाळी आली. आजींनी तिच्या मनगटावर पट्टी बांधली आणि दोन बोटांना संवेदक (शरीरातले बारीक बदल टिपणारी उपकरणं) लावले.

“पट्टी तुझ्या हृदयाचे ठोके मोजेल,” त्यांनी सांगितलं. “माणूस घाबरला की त्याच्या तळव्यांना किंचित घाम येतो, ते बोटांवरचे संवेदक ओळखतील. तोंडाने ‘मी नाही घाबरले’ म्हणता येतं. तळव्याला तसं म्हणता येत नाही. आणि हे बघ, नको वाटलं तर ‘थांब’ म्हण. गेम बंद होईल आणि जाकीट आपोआप उघडेल.”

आधी एकोणीस भुतांचा गेम झाला. पहिलं भूत आलं तेव्हा तिची भीती दाखवणारी पडद्यावरची रेघ उंच उडाली. दुसऱ्याला थोडी कमी. सातव्या भुताला ती जेमतेम हलली आणि पुढे तर सपाटच झाली.

“मेंदूला सवय झाली,” आजी म्हणाल्या. “ज्याने पुन्हा पुन्हा काही बिघडत नाही, त्याच्याकडे तो लक्ष देणं सोडून देतो. आता दिवाळीतला जुना गेम लाव रे, निहार.”

जुन्या खाणीत भूत कुठे दिसतच नव्हतं. काळोख होता, टॉर्चचा मिणमिणता उजेड होता आणि लांब कुठेतरी काहीतरी घासत गेल्याचा आवाज होता. रेघ चढू लागली. समोर कोणी आलं नाही, तरी चढतच राहिली. मग छतावरून पाण्याचा एक थेंब पडला आणि पालवी जोरात किंचाळली.

आजींनी गेम चालूच ठेवून तिच्या खांद्यावर हळूच हात ठेवला. काही क्षणांत रेघ खाली उतरू लागली.

हेल्मेट काढल्यावर पालवी ओशाळली. “पाण्याला घाबरले मी!”

“पाण्याला नाही,” आजी म्हणाल्या. “नीट ऐक. मेंदू जे दिसतं तेवढंच बघत नाही. पुढे काय होईल याचा अंदाज तो सतत बांधत असतो. भूत समोर आलं की अंदाज बांधायची गरज संपते. ते केवढं आहे, कुठे आहे, कसं चालतं, सगळं कळतं. पण नुसता आवाज आला तर? मेंदूला उत्तर मिळत नाही, मग तो सगळ्यात वाईट उत्तर धरून चालतो. त्यात टॉर्च विझत आलेली. म्हणजे हाताशी साधनही थोडं. निहारने एकोणीस भुतं बनवली, पण तुझ्या मेंदूने स्वतःच एक बनवलं आणि तेच सगळ्यात भारी ठरलं.”

“पण मला माहीत होतं ना, की मी खुर्चीत बसले आहे!”

“एका भागाला माहीत होतं. मेंदूत खोलवर अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो (धोक्याची घंटा वाजवण्यात याचा मोठा वाटा असतो). तो फार घाईचा. आवाज आला की लगेच घंटा! मग शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं (पळायला किंवा लढायला तयार करणारं रसायन). छाती धडधडते, श्वास जोरात चालतो. कपाळामागे मेंदूचा विचार करणारा भाग असतो. तो जरा सावकाश येतो, सगळीकडे बघतो आणि म्हणतो, ‘अरे, हा तर खेळ आहे.’ मग घंटा थांबते.”

“म्हणजे गेममधली भीती खरी की खोटी?” निहारने विचारलं.

“भीती खरी, धोका खोटा,” आजी म्हणाल्या. “आणि धोका खोटा आहे हे आतून पक्कं ठाऊक असतं, म्हणून मजा येते. हवं तेव्हा बाहेर पडता येतं, हे तर सगळ्यात महत्त्वाचं.”

पालवीने हे सगळं ऐकलं. निहारने मात्र शेवटचं वाक्यच तेवढं उचललं आणि तेही उलटं. लोकांना बाहेर पडता येतं, म्हणून ते घाबरत नाहीत, असं त्याच्या डोक्यात बसलं. घरी जाऊन त्याने गेममधलं ‘थांब’ काढून टाकलं. आता खाणीचं दार सापडेपर्यंत हेल्मेट आणि जाकीट उघडणारच नव्हतं. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई-बाबा कामावर होते. निहार एकटाच गच्चीवरच्या खोलीत नवा गेम तपासत होता. आदल्या दिवशी निहारच्या सामानासोबत चुकून आलेली आजींची उपकरणं न्यायला फिरकी आली होती आणि पालवी तिच्यासोबत सामान आवरत होती. पट्टी अजून पालवीच्या मनगटावरच होती. दिवसभर ठोके कसे बदलतात ते आजींना बघायचं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला, “थांब! थांब!”

पालवी जिना चढून धावली, मागोमाग फिरकीही चढली. निहार खुर्चीत वाकडातिकडा होऊन जाकिटाचे खटके ओढत होता. समोरच्या पडद्यावर खाणीचं दार दिसत होतं. निहारने किल्ली लावली होती, पण दार उघडत नव्हतं. गेममध्येच काहीतरी चूक राहिली होती. टॉर्च विझली होती आणि मागून घासत येणारा आवाज जवळ जवळ येत होता.

“दादा!” पालवी ओरडली. त्याच्या कानांवर हेल्मेट होतं. त्याला काही ऐकू गेलं नाही. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता.

खटके तिच्याने उघडेनात. तिला रडू फुटणार होतं, पण काल खांद्यावर पडलेला आजींचा हात तिला आठवला. तिने दोन्ही हातांनी निहारचे खांदे घट्ट धरले. तो दचकला आणि तिचा हात झटकू लागला. ती सोडेना.

“फिरकी, तो माइक दे! खेळाडूशी बोलायचा!”

फिरकीने माइक तिच्या तोंडाशी धरला. आता पालवीचा आवाज थेट खाणीत पोचला.

“दादा, मी पालवी. खांद्यावर हात आहे तो माझाच आहे. तू आपल्या गच्चीवरच्या खोलीत आहेस. बाहेर कडक ऊन आहे. कूलर चालू आहे, वाळ्याचा वास येतोय ना? हळू श्वास घे. दार उघडत नाही, ती गेमची चूक आहे. आम्ही जाकीट सोडवतोय.”

निहारने तिचा हात पकडला. त्याची मान थोडी सैल झाली.

“फिरकी, याची बॅटरी कुठे आहे?”

“जाकिटाच्या पाठीत, डाव्या बाजूला. झाकण लावलेलं आहे.”

“काढ!”

फिरकीची लांब बोटं जाकिटाच्या आत शिरली. टक् असा आवाज झाला. खटके सुटले, पडदा काळा झाला आणि पालवीने हेल्मेट वर उचललं. निहार घामाने निथळत होता.

फिरकीने कळवल्यावर मावशीआजी आल्या, तेव्हा तो गच्चीच्या पायरीवर बसला होता.

“आजी, ते सगळं मीच बनवलंय, ‘थांब’ही मीच काढलं,” तो म्हणाला. “कुठलं भूत कुठून येतं, मला पाठ आहे. तरी वाटलं, आता संपलं.”

“खाण तीच होती, भुतंही तीच,” आजी म्हणाल्या. “तू फक्त बाहेर पडायची वाट काढून टाकलीस. सुटका आपल्या हातात नाही म्हटल्यावर कपाळामागचा तो विचारी भाग घंटा कशी थांबवणार? त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नाही. वाट असते तोवर तो खेळ असतो, निहार. वाट बंद केलीस की तो छळ होतो. तो खेळ म्हणून कोणाला द्यायचा नसतो.”

निहारने मान खाली घातली.

आजींनी पालवीच्या मनगटावरची पट्टी वाचली आणि त्या हसल्या. “ही बघा हिची रेघ. कालच्यापेक्षाही जास्त घाबरली होती पोरगी.”

“बघा, मी भित्रीच आहे,” पालवी पुटपुटली.

“वेडे! छाती एवढी धडधडत असताना तू त्याला धरून ठेवलंस, डोकं चालवलंस. भीती वाटणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. तुझी घंटा चांगली वाजते आणि ती वाजत असताना तुला कामही करता येतं. अजून काय हवं?”

“मी तुला पुन्हा भागूबाई म्हणणार नाही,” निहार म्हणाला. “सोसायटीत कोणी म्हटलं तर मला सांग.”

“मी बघून घेईन त्यांचं,” पालवी म्हणाली.

त्या आठवड्यात निहारने अठरा भुतं काढून टाकली. एक ठेवलं, तेही शेवटपर्यंत दिसायचं नाही. ‘थांब’ परत आलं आणि खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने ते एकदा म्हणून बघायचं, असा नियम पालवीने केला. मेळ्यात त्यांच्या तंबूबाहेर रांग लागली. आखाड्यात घुमणारे एक दांडगे पैलवान मध्येच “थांब रे बाबा!” म्हणून ओरडले, खदखदून हसले आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.

परतताना पालवीने सोबत आलेल्या आजींना विचारलं, “मावशीआजी, खरंच भीती वाटते अशा गोष्टीची सवय गेममध्ये करता येईल का? दवाखान्याची वगैरे?”

आजी चालता चालता थांबल्या. “येईल असं वाटतं. करून बघायला हवं.”

पावसाळा संपेपर्यंत त्यांनी करून बघितलं. एमआरआय यंत्रात (शरीराच्या आतलं चित्र काढणारं बोगद्यासारखं मोठं यंत्र) लहान मुलं फार घाबरतात, असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. निहारने तसाच बोगदा गेममध्ये बनवला. पहिली खेळाडू होती आठ वर्षांची समीना. रडण्यामुळे तिची तपासणी दोनदा पुढे ढकलली होती. रोज थोडं थोडं ती त्या खोट्या बोगद्यात जाऊन आली. कधी आईचा हात धरून, कधी न धरता.

खऱ्या तपासणीच्या दिवशी पालवी आणि निहार बाहेरच्या बाकावर बसले होते. पालवीची छाती धडधडत होती. दार उघडलं आणि समीना चालत बाहेर आली. डोळे कोरडे, कपाळाला आठ्या.

“तुमचा गेम चुकीचा आहे,” ती निहारला म्हणाली. “खरं यंत्र कितीतरी जोरात वाजतं. दुसरी मुलं यायच्या आधी नीट करा.”

निहारने तिथेच लॅपटॉप उघडला. समीना त्याच्या शेजारी बाकावर चढून बसली आणि आवाज नेमका कसा येतो, ते त्याला तोंडाने करून दाखवू लागली.